काकूंचा तिसरा फोन

काकूंनी आयुष्यात कुणालाही "बघू या" म्हटलं नाही. आपल्या लोकांत हे एक प्रकारचं व्यंगच. आपल्याकडे "बघू या" म्हणजे नाही, "बघतो ना" म्हणजे विसरा, आणि "नक्की बघू" म्हणजे पुन्हा तोंड दाखवू नका. काकूंकडे दोनच शब्द होते. समोरचा घुटमळायला लागला की त्या पेन खाली ठेवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "हो की नाही?" हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून प्रिन्सिपलना, पालकांना, बसच्या ड्रायव्हरला आणि एकदा अडकलेल्या फोटोकॉपी मशीनलासुद्धा विचारलेला ऐकला आहे.

शाळा ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टन भागात होती, मॉलच्या मागच्या रस्त्यावर, पूर्वी गालिच्यांचं गोदाम असलेल्या इमारतीत. नाटक, नाच आणि गाणं शिकवणारी शाळा. चालायची सरकारच्या पैशावर, पण नियम बरेचसे स्वतःचे. दर वर्षी अठ्ठावीस नवी मुलं घ्यायची आणि दारात त्याच्या कितीतरी पट उभी असायची. कोण आत येणार याची यादी काकूंकडे होती, आणि आत आलेल्याचं गणित कच्चं निघालं तर त्याचं काय करायचं हेही काकूंकडेच होतं. शाळेत त्यांना मिसेस के म्हणायचे. नवीन मुलं पहिल्या आठवड्यात त्यांचं आडनाव उच्चारायचा प्रामाणिक प्रयत्न करायची, दुसऱ्या आठवड्यात कुणी करत नसे. आम्ही राहायचो त्या माउंट रॉस्किलच्या मराठी घरांत मात्र त्या ऍडमिशनवाल्या काकू होत्या.

ठाण्याला अठरा वर्षं गणित शिकवून आलेल्या या बाईंना इथे सुरुवातीला रिसेप्शनवर बसवून पाकिटांवर तिकिटं चिकटवायला लावली होती. का, तर पदवी तपासायची होती. मला हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी त्यावर एक पत्रकच लिहून काढलं: "पदवी तपासायला दोन वर्षं?" छापण्याआधी मोठ्या अभिमानाने काकूंना दाखवलं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं, लाल पेन काढलं, "दोन वर्षं" खोडलं, वर "बावीस महिने" लिहिलं आणि परत दिलं. बाकी मजकुराबद्दल एक अक्षर नाही.

"पण काकू, बावीस महिन्यांनी राग येत नाही. दोन वर्षांनी येतो."

"मग तुझा राग कच्चा आहे," काकू म्हणाल्या.

पण मी पुढे गेले. आधी माझ्या प्रवेशाचं सांगते, कारण त्या दिवशी बाबांची जी फजिती झाली ती नोंदवून ठेवायला हवी. बाबा पुण्याहून आलेले, सॉफ्टवेअरमधले. मुलगी नाटकाच्या शाळेत जाणार हे त्यांना पटलेलं नव्हतं, पण जायचंच तर व्यवस्थित जावं म्हणून त्यांनी एक फाइल तयार केली. चौथीच्या स्कॉलरशिपपासून पोहण्याच्या शर्यतीतल्या तिसऱ्या नंबरापर्यंत सगळी प्रमाणपत्रं, लॅमिनेट करून. शिवाय पेढ्यांचा एक बॉक्स. शिवाय खिशात एक ओळख.

"वहिनी, आपण मूळच्या ठाण्याच्या ना? आमचे सासरेही ठाण्याचेच. नौपाड्यात राहायचे."

"हो का," काकू म्हणाल्या. "ठाणं या टेबलाच्या पलीकडे. अलीकडे ऑकलंड."

"नाही, म्हणजे मी आपलं सहज."

"फाइल घरी न्या. मुलगी आणली आहे ना? ती पुरे. आणि पेढे निकालानंतर असतात."

पेढे बाबांनी मांडीवर ठेवून दिले आणि तासाभरात, नुसत्या काळजीने, अर्धे स्वतःच संपवले.

ऑडिशन दोन मिनिटांची होती. मी वक्तृत्व स्पर्धांवर वाढलेली. "सन्माननीय परीक्षक" अशा थाटात उभी राहिले, उजवा हात आभाळाकडे, डावा काळजाशी, आणि इंग्रजी स्वगत मराठी चालीवर ठोकून दिलं. नाटकाच्या बाईंनी हसू वहीमागे लपवलं. मग काकू, ज्यांचा नाटकाशी संबंध नव्हता, दारातून आत आल्या आणि आम्हा सहा मुलांना म्हणाल्या, "खुर्च्या उचलून भिंतीशी लावा." एवढंच. एक मुलगा म्हणाला की त्याची मनगटं पियानोसाठी जपायची आहेत. एक मुलगी आपली खुर्ची लावून बसून राहिली. मी चाळीस खुर्च्या लावल्या, कारण आमच्याकडे गणपतीत ते काम मुलांचंच असतं. पुढे कळलं की काकू त्या पाच मिनिटांचेही गुण देतात. "दोन मिनिटं कुणीही चांगला दिसतो," त्यांचं म्हणणं. "नाटक संपल्यावर सामान कोण उचलतं ते बघायचं."

आठवड्याने फोन आला. मी उचलला. "मिळाला," काकू म्हणाल्या. "आवाज छान आहे. हात पुढच्या वेळी घरी ठेवून ये." बाबांनी फोन हिसकावून घेऊन विचारलं, नाटकाच्या नादात गणित सुटणार नाही ना? पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण बाबांचा चेहरा प्रथमच शांत झाला.

उत्तर काय असेल ते मला पहिल्याच महिन्यात कळलं. काकूंचं एक वाक्य शाळेत सगळ्यांना पाठ होतं: "सकाळ भरली की दुपार मिळते." सकाळी गणित, इंग्रजी, विज्ञान. दुपारी तालीम. ज्याचं सकाळचं काम बाकी, तो दुपारी तालमीऐवजी काकूंच्या ऑफिसात. क्रेडिटवाली परीक्षा तेव्हा नवीन होती, कुणाला किती क्रेडिट लागतात हे शिक्षकांनाही धड सांगता येत नसे. काकूंना प्रत्येक मुलाचे तोंडपाठ. उंच, देखणे, टाळ्यांची सवय असलेले नट त्यांच्या टेबलापाशी अपूर्णांक सोडवताना मी पाहिले आहेत. "मिस, अजून हीप्स ऑफ टाइम आहे," असं कुणी म्हणालं की काकू कॅलेंडर पुढे सरकवायच्या. "हीप्स म्हणजे किती? आकडा सांग." आकडा सांगताना पोराचं तोंड आपोआप उतरायचं.

एकच गोष्ट त्यांनी ठाण्याहून जशीच्या तशी आणली होती. स्टेजवर चप्पल चालायची नाही. जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, घालून फिरणाऱ्या पोरांना हे अजब वाटायचं. मग हाका नावाचा पारंपरिक नाच शिकवणाऱ्या माओरी सरांनी एकदा सगळ्यांदेखत आपले बूट काढून काकूंच्या चपलांशेजारी ठेवले आणि म्हणाले, "आमच्या पूर्वजांच्या जागेवर, मराएवर, सभागृहातही हेच. मिसेस के बरोबर आहेत." त्यानंतर स्टेजच्या दाराशी देवळाबाहेर असते तशी पादत्राणांची रांग लागायला लागली.

आता मेलेची, म्हणजे मेले नावाच्या मुलीची, गोष्ट. ती सांगायची म्हणूनच हे लिहायला बसले.

मेले आमच्यापासून तीन घरं सोडून सरकारी घरात राहायची. टोंगा बेटांवरून आलेलं कुटुंब, सात माणसं. माझ्याहून वर्षाने लहान. ती गायला लागली की आमचे बाबा टीव्हीचा आवाज बारीक करायचे, याहून मोठी पावती मला माहीत नाही. मी दुसऱ्या वर्षात गेले तेव्हा तिने ऑडिशन दिली आणि ती वेटिंग लिस्टवर पहिली लागली. म्हणजे एक जागा सुटली की तिची. नाही सुटली तर तिला जवळच्या त्या शाळेत वर्ष काढायचं होतं जिथे संगीताची खोली पावसाळी दिवसांत सायकली ठेवायला वापरायचे. तिच्या आईने तिला सांगून ठेवलं होतं, यंदा नाही तर मग नाही. पुढच्या वर्षी मोठी होशील, शाळेनंतर धाकट्यांना सांभाळायला लागशील.

फेब्रुवारीत शाळा सुरू झाली. दुसऱ्या आठवड्यात कळलं की एक मुलगी ख्राइस्टचर्चला गेली, जागा सुटली. आणि त्या बुधवारी वर्गात कोण यावं? तर अल्बनीच्या नव्या वस्तीतला तन्मय. मराठी मुलगा, नवं घर, नवी गाडी. मेले मात्र त्या दिवशीही जवळच्या शाळेच्याच युनिफॉर्ममध्ये बसस्टॉपवर.

मला पुरावा लगेच सापडला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तन्मयची आई आणि काकू शेजारी शेजारी बसल्या होत्या. तिळगूळ दिला-घेतलेला मी स्वतः पाहिला होता.

पत्रकं काढायला मी पंधराव्या वर्षी शिकले. रॉस्किलच्या भाडेकरूंची एक समिती होती. शनिवारी सकाळी दुकानांसमोर उभं राहून वाटायचं काम माझ्याकडे होतं. तिथलं पहिलं सूत्र असं की वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत राग आला पाहिजे. त्या गुरुवारी मी जे लिहिलं त्याची पहिली ओळ होती: "इथे रांगेत उभं राहू नका, आधी तिळगूळ वाटा." इंग्रजीत तिळगुळाचं काय केलं ते आता आठवायची इच्छा नाही. पुढे लिहिलं होतं की सुटलेली जागा एका बाईंनी आपल्या ओळखीच्या घरी दिली, रॉस्किलच्या मुलीला साधा फोनही केला नाही, आणि हे सगळ्यांना माहीत आहे. साठ प्रती काढल्या आणि शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत लॉकरच्या फटींतून सरकवल्या. एक प्रिन्सिपलच्या दाराखाली. शूर होते ना मी.

दोन वाजता काकूंना प्रिन्सिपलनी बोलावून घेतलं. सव्वादोनला शिपाई नव्हे, काकू स्वतः माझ्या वर्गाच्या दारात. माझं पत्रक त्यांच्या हातात होतं आणि त्यावर लाल खुणा होत्या.

"गौरी, बाहेर ये. मेलेच्या घरचा फोन बंद आहे हे तुला माहीत होतं?"

"हो. ठेकेदाराच्या माणसांनी भिंत दुरुस्त करताना वायर तोडली. दोन आठवडे झाले. मी त्याच्यावर पत्रक काढलंय."

"मग मी फोन केला नाही हे कशावरून ठरवलंस?"

मी पत्रकावरच्या लाल खुणा मोजायला लागले.

काकूंची फोनची पद्धत शाळेत सगळ्यांना माहीत होती, मलाही. प्रवेशाचा फोन त्या तीनदा करत. सकाळी नऊला, दुपारी एकला, संध्याकाळी सातला. कारण लोक पाळ्यांमध्ये काम करतात आणि नऊ ते पाच घरी असणारी माणसं फक्त शाळेच्या छापील फॉर्मवर असतात. तीनही फोन लागले नाहीत की पत्र. पत्राचंही उत्तर नाही आलं की त्या स्वतः जायच्या, बसने, कारण गाडी चालवायला त्या कधी शिकल्या नाहीत. मेलेला त्यांनी मंगळवारी तीनदा फोन केला होता, त्याच दिवशी पत्र टाकलं होतं. ते पत्र सरकारी दिसणारं पाकीट म्हणून फ्रिजवर न उघडता पडलं होतं. शुक्रवारी दुपारी रॉस्किलला जायचं म्हणून त्यांनी दोन वाजल्यापासूनची अर्धी रजा टाकली होती. आणि नेमकं दोन वाजता माझ्या पत्रकामुळे त्यांना चौकशीला बसवलं होतं. पाच मिनिटांची सवड मागून त्या माझ्याकडे आल्या होत्या.

"मेलेची जागा घ्यायची मुदत आज चारला संपते," त्या म्हणाल्या. "तिच्या आईने फोन करून हो म्हटलं तरी चालेल. फॉर्म सोमवारी. तू जा."

"आणि चार वाजून दोन मिनिटं झाली तर?"

"तर पुढच्याला फोन."

"काकू, तुम्हीच तर ठरवलेली वेळ आहे."

"तिच्या मागे एक मुलगा थांबला आहे. तोही कुणाच्या तरी शेजारी राहतो." आणि मग, "जातेस? हो की नाही?"

मी गेले. पहिली बस, उतरून दुसरी बस, आणि दुसऱ्या बसमध्ये एक आजोबा ड्रायव्हरला सुट्ट्या नाण्यांची गंमत सांगत होते. इतका राग मला सरकारचाही आलेला नाही. मेलेच्या दारात पोचले तेव्हा तिची आई सफाईच्या पाळीवर निघाली होती, एक हात कामाच्या कोटात, एक बाहेर. मी धापा टाकत काय सांगितलं देव जाणे. मेले मागून म्हणाली, "यू फॉर रियल?" आईने काही विचारलं नाही. कोट तसाच अर्धा घालून ती कोपऱ्यावरच्या डेअरीकडे, म्हणजे तिथल्या वाण्याच्या दुकानाकडे, धावली. मी मागे, मेले मागे, मेलेचे दोन भाऊ मागे. डेअरीवाल्या काकांनी दुधाच्या बाटल्या बाजूला सारून फोन पुढे केला. "लोकल है, करो."

काउंटरवरच्या घड्याळात तीन बावन्न झाले होते. फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला. मेलेच्या आईने आपलं नाव सांगितलं, पलीकडचं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "येस." आणि थोड्या वेळाने पुन्हा, हळू, "येस. येस, मालो." मालो म्हणजे टोंगनमध्ये आभार. मेले चिप्सच्या रॅकपाशी खाली बसली आणि रडायला लागली. तिच्या भावांनी त्या गडबडीत एक पाकीट फोडलं.

तन्मयचं काय, ते सोमवारी कळलं. त्याला नोव्हेंबरमध्येच प्रवेश मिळाला होता. नाशिकला मामाचं लग्न होतं म्हणून तो उशिरा आला. मी त्याला विचारलं असतं तर त्याने लग्नाचे फोटोही दाखवले असते.

मी माफी मागायला गेले. काकू क्रेडिटचा तक्ता भरत होत्या. "माफी मला नको," त्या म्हणाल्या. "दुरुस्ती काढ. तेवढ्याच प्रती, त्याच आकाराच्या अक्षरांत, त्याच लॉकरांत. आणि हे घे." माझं पत्रक होतं. "सगळ्यांना माहीत आहे" याच्या खाली लाल रेघ आणि समासात: सगळे म्हणजे किती? सगळ्यात खाली, शेऱ्याच्या जागी, एक ओळ. आधी विचारायचं, मग छापायचं.

साठ दुरुस्त्या छापल्या आणि वाटल्या. पहिलं पत्रक सगळ्यांनी वाचलं होतं, दुरुस्ती किती जणांनी वाचली मला माहीत नाही. हेही शिकायचंच होतं.

पण जे मला आजही पचत नाही ते वेगळं. चौकशीत पत्रकातला आरोप त्याच संध्याकाळी निकालात निघाला. मात्र एका मुलीच्या प्रवेशाची माहिती दुसऱ्या विद्यार्थिनीला दिली, म्हणून काकूंना लेखी समज मिळाली. इतक्या वर्षांत त्यांच्या फाइलला लागलेला तो एकच कागद, आणि तो माझ्यामुळे. मी पेटून उठले. नवं पत्रक, नवा मथळा, सगळं डोक्यात तयार. या वेळी आधी विचारायला गेले.

"नाही," काकू म्हणाल्या. "ते खरं आहे. मी नियम मोडला."

"पण मेलेसाठी."

"मोडला की नाही?"

"हो."

"मग झालं. जा, तुझी तालीम आहे."

मेले पुढे तीन वर्षं त्या शाळेत होती. आता ती लहान मुलांना गाणं शिकवते, आणि शिकवून झालं की खुर्च्या त्यांच्याकडूनच उचलून घेते. मी काकूंना गेल्या वर्षी विमानतळावर सोडायला गेले होते. मुलाकडे मेलबर्नला कायमच्या निघाल्या होत्या. बाबांनी पेढ्यांचा बॉक्स दिला होता. काकूंनी या वेळी तो घेतला, तिथेच उघडला, एक मला दिला, एक स्वतः खाल्ला. "निकाल लागला ना तुझा," म्हणाल्या. मी त्याच महिन्यात भाडेकरूंच्या समितीत पगारी कामाला लागले होते. मिठी वगैरे त्यांना जमत नसे. पाठीवर एक थाप दिली आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

समितीत माझं निम्मं काम फोनवरच चालतं. नऊला, एकला, सातला. आमच्याकडे नव्याने आलेली मुलं वैतागतात, तीनदा कशाला म्हणतात. मी त्यांना सांगते, करून बघ. सातला उचलणारी माणसं किती असतात ते तुझं तूच मोज.

हे सगळं लिहून झाल्यावर मी काकूंना फोन केला. त्यांच्या नऊला उचलला नाही. एकला उचलला नाही. सातला उचलला.

"काकू, मी तुमच्यावर लिहिलंय. छापायच्या आधी विचारते आहे."

"वाच."

मी पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. त्या मध्ये कुठेही हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. लेखी समजेच्या जागी मी जरा थांबले, तर म्हणाल्या, "थांबू नकोस." संपल्यावर पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"एक चूक आहे," काकू म्हणाल्या. "तीन बावन्न नाही. डेअरीतलं घड्याळ मागे असणार. तीन अठ्ठावन्न. मी फोन उचलला तेव्हा प्रिन्सिपल समोर बोलत होते, पण मी घड्याळाकडेच बघत होते."

"तुम्ही तेव्हा चार वाजता खरंच पुढच्याला फोन केला असता?"

"हो."

मी तीन अठ्ठावन्न कागदाच्या तळाशी लिहून घेतलं. मग विचारलं, "बाकीचं छापू?"

"हो," काकू म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.

तेव्हा दुरुस्ती, त्याच आकाराच्या अक्षरांत. मेलेच्या आईचा फोन तीन वाजून बावन्न मिनिटांनी गेला असं वर लिहिलं आहे, ते चूक आहे. तो तीन अठ्ठावन्नला गेला.